सतरा नंबरचा संपादक

२ सप्टेंबर, सोमवार

माणसाने आयुष्यात खाली जावं, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण ते दर दहा मिनिटांनी, ठरावीक गतीने आणि संस्थेने दिलेल्या खुर्चीवरून जावं, याला माझी सक्त हरकत आहे. आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. मला जी खुर्ची मिळाली आहे तिच्या दांड्यातली हवा सुटते. मी बसलो की ती जराही आवाज न करता, अत्यंत सभ्यपणे, खाली जाऊ लागते. काम सुरू करताना मी पडद्याकडे न्यायाधीशासारखा वरून बघत असतो. संपताना टेबलाच्या कडेवर फक्त माझे डोळे आणि कपाळ उरलेलं असतं. माझ्यापेक्षा कमी लायकीची माणसं यापेक्षा उंच खुर्च्यांवर बसलेली मी पाहिली आहेत, आणि ती कधी खाली आलेली पाहिलेली नाहीत.

ऑफिसात जाऊन कारकुनाकडे रीतसर तक्रार केली.

"खाली जाते ना?" तो म्हणाला. "पण दांडी ओढली की परत वर येते ना?"

"येते."

"मग झालं तर," असं म्हणून त्याने माझी तक्रार एका फायलीखाली ठेवली. त्या फायलीवरची धूळ पाहता ती माझ्या जन्माआधीची असावी.

ही दैनंदिनी लिहायला घेतली, कारण लिहिण्याची सवय आहे आणि छापणारं कुणी उरलेलं नाही. बावीस वर्षं मी दर रविवारी एका सदरात जगाच्या खोड्या काढल्या. मार्चमध्ये संपादकांनी मला बोलावलं, माझा लेख वाचला, दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्या हातांच्या आडून म्हणाले, "जागा नाही हो." तेव्हापासून मी घरात येरझारा घालत होतो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, ताई आणि मी. ताई प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तिथे तिला सगळे मॅडम म्हणतात. घरी ती मला एक्कावन्नाव्या वर्षीही बाळ्या म्हणते.

"बाळ्या," परवा ती म्हणाली, "माझ्याकडे एक काम आहे. त्याला अजिबात काही माहीत नसलेला माणूस हवाय."

"आणि तुला मी आठवलो."

"सगळ्यात आधी."

३ सप्टेंबर, मंगळवार

काम असं. छत्तीस उंदीर आहेत. प्रत्येकाचा दर आठवड्याला दहा मिनिटांचा एक व्हिडिओ वरून काढतात. उंदीर पंजांनी तोंड धुवायला लागला की मी बटण दाबून धरायचं, थांबला की सोडायचं. यंत्र सेकंद मोजतं. एवढंच. शेजारच्या खोलीत आणखी एक बाई हेच व्हिडिओ बघून हेच बटण दाबतात. दोघांचे आकडे दहा सेकंदांच्या आत जुळले पाहिजेत. कामाबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही.

ताईने कारण सांगितलं ते असं: "काही माणसं पुन्हा पुन्हा हात धुतात, पुन्हा पुन्हा कुलूप ओढून बघतात. हात स्वच्छ आहेत हे त्यांना कळत असतं. तरी थांबता येत नाही. यातल्या काही उंदरांमध्ये जन्मापासून एक जनुक नाहीये. ते तोंड धुवायला लागले की थांबत नाहीत. पुढे पुढे केस जातात, जखमा होतात. काहींना औषध देतोय, काहींना साधं पाणी. कुणाला काय, ते तुला सांगणार नाही. अजून कुणाचे केस गेलेले नाहीत, त्यामुळे बघूनही कळणार नाही."

"उंदराला माणसाचा आजार असतो?"

"असतो असं मी म्हणत नाही. उंदराच्या मनात काय चाललंय हे विचारता येत नाही, म्हणून तो काय करतो तेवढंच मोजायचं. आणि बाळ्या, कृपा करून त्याच्या मनात शिरू नकोस. पंजा नाकाला लागला, दाब. सुटला, सोड."

सांगून झाल्यावर ती हात धुवायला गेली. प्राणिघरातून आली होती, त्यामुळे योग्यच आहे. हातमोजे घालून गेली होती, ही गोष्ट वेगळी.

५ सप्टेंबर, गुरुवार

शेजारच्या खोलीतल्या बाईंची ओळख झाली. छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं वाचली. आता निवृत्त. उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळे चहाच्या कपाकडे बघतानाही मान जरा मागे घेतात. मला 'लेखक' म्हणतात, आणि हा शब्द त्यांच्या तोंडी पदवीसारखा वाटत नाही. आजाराच्या निदानासारखा वाटतो.

"तुमचं सदर वाचायचे मी," त्या म्हणाल्या.

मी नम्रपणे मान खाली घातली.

"पूर्णविराम फार कमी वापरता."

नोकरी मात्र सुखाची आहे. खोलीत पंखा आहे, खिडकीतून भिंत दिसते, कुणी मत विचारत नाही. उंदीर हा अतिशय प्रामाणिक प्राणी आहे. दहा मिनिटांत एकदाही भाषण करत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

मित्र भेटला. सतरा नंबर. डाव्या कानाला ओळखीची खाच आहे (तशा बऱ्याच जणांना आहेत), पण हा नेहमी डाव्या कोपऱ्यात बसतो, भुशाचा छोटा ढीग पुढ्यात घेतो, आणि मग दोन्ही पंजांनी तोंड झाकून घेतो. हुबेहूब माझे संपादक. "जागा नाही हो" एवढंच म्हणायचं राहिलेलं. मी एकटाच मोठ्याने हसलो. त्याचं नाव संपादक ठेवलं.

बाकीचे पस्तीस उंदीर आहेत. हा मात्र व्यक्ती आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

संपादक: १४८ सेकंद. आज बराच वेळ तोंड झाकून विचार करत बसला होता. विचार करण्याचे सेकंद अर्थातच मी धरले नाहीत. धुणं वेगळं, चिंतन वेगळं.

प्रकाशकाकडून माझ्या पुस्तकाची प्रुफं आली. 'निवडक पंचवीस'. बावीस वर्षांतले पंचवीस लेख, म्हणजे वर्षाला एकाहून थोडं जास्त चांगलं लिहिलं, असा हिशेब. पहिलाच लेख 'आमच्या घरचा नळ'. सगळ्यात गाजलेला. अठरा वर्षांपूर्वीचा. ताई दिवसातून बारा वेळा हात धुते, त्यामुळे पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी आमच्या घरासाठी वेगळं धरण मंजूर केलं, साबणाच्या कंपनीने तिला भागधारक करून घेतलं, असा. लोक अजून रस्त्यात थांबवून त्यातली वाक्यं मलाच ऐकवतात. छापून आला त्या सकाळी ताईने वाचला, नीट घडी घातली, "छान आहे," म्हणाली आणि हात धुवायला गेली. यावर मी दुसरा लेख लिहिणार होतो. राहून गेला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बाईंना विचारलं, प्रुफं बघाल का. "जेवणाच्या सुट्टीत रोज दहा पानं," त्या म्हणाल्या. "मोबदला नको. पण मध्ये मध्ये 'कसं वाटलं' असं विचारायचं नाही. प्रूफ वाचताना मी अर्थ वाचत नाही."

"मग काय वाचता?"

"अक्षर. अर्थ वाचला की डोळा पुढे पळतो. मग पानावर जे नाही तेही दिसायला लागतं, आणि जे आहे ते दिसत नाही."

लेखकाच्या तोंडावर हे बोलायला धाडस लागतं. डबा मात्र अर्धा मला देतात.

१८ सप्टेंबर, बुधवार

आकडे जुळत नाहीत. म्हणजे पस्तीस उंदरांचे जुळतात, दोन सेकंद इकडे तिकडे. सतराचा जुळत नाही. माझे १४८, बाईंचे २११. ताईने दोघांनाही तो व्हिडिओ पुन्हा बघायला सांगितला. माझे १५१, बाईंचे २१०.

मी ताईला खुर्चीचं कारण दिलं. व्हिडिओच्या उत्तरार्धात मी टेबलाखाली असतो, तिथून उंदराचा पंजा काय दिसणार?

"बाकीच्या पस्तिसांच्या वेळी खुर्ची वर राहते का?" ताईने विचारलं.

शास्त्रज्ञ माणसाला घरात ठेवू नये.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बाईंनी न सांगता स्वतःची खुर्ची माझ्या खोलीत आणून ठेवली आणि माझी घेऊन गेल्या. "मला खाली जायची सवय आहे," म्हणाल्या. त्यांची खुर्ची डोंगरासारखी स्थिर. तिच्यावर एक चपटी उशी, तीही राहू दिली.

त्या खुर्चीवरून संपादकाचा ताजा व्हिडिओ. माझे १५५. बाईंचे, बुडत्या खुर्चीवरून, २१८.

खुर्ची निर्दोष सुटली.

२३ सप्टेंबर, सोमवार

चहाच्या वेळी कारकून माझ्याकडे सरकला. सात ऑक्टोबरला तीन माणसांची समिती येणार आहे. दोघांचे आकडे जुळतात असा तक्ता दाखवला नाही तर काम बंद. म्हणजे मॅडमचं चार वर्षांचं काम. "मोजणाऱ्यांपैकी एक जण बदलावा लागेल," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही काळजी करू नका हो. सगळ्यांना माहितीये. बाईंच्या डोळ्यांचं आत्ताच झालंय. वय झालं. शिवाय तुम्ही मॅडमचे भाऊ."

मी काहीच बोललो नाही. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या क्षणी अगदी सहज जमून गेलं.

चहा चांगला होता. दोन कप प्यायलो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

बाईंनी डबा अर्धा दिला. मी नको म्हटलं. "का? आजारी आहात?" नाही म्हटलं. मग खाल्ला.

जाताना त्या म्हणाल्या, "लेखक, कामाबद्दल बोलायचं नाही, म्हणून बोलत नाही. एकच सांगते. मला काढलं तर वाईट वाटून घेऊ नका. पण घरी बसले की मी भिंतीवरचं घड्याळ वाचत बसते, आणि त्यात चूक सापडत नाही."

मला वाटतं त्यांना ऑपरेशननंतर खरंच थोडं जास्त दिसत असावं. ज्येष्ठ माणसाला चुकीबद्दल कसं सांगायचं, हा मोठा नाजूक प्रश्न आहे. ताईच सांगेल.

२६ सप्टेंबर, गुरुवार

तीन नवे उंदीर आले. ३७, ३८, ३९. ताईने यादी टेबलावर ठेवली आणि काही न बोलता गेली. हल्ली ती फार शांत आहे. समितीचं दडपण असणार. सकाळी कुठलीशी व्हिटॅमिनची कॅप्सूल घेते, ती आज दोनदा डबी उघडून बघून मग घेतली.

३८ नंबर बिचारा भलताच तोंडधुण्या निघाला. उजव्या कोपऱ्यात बसतो आणि सुरू. नाक, मिशा, डोळे, परत नाक. मध्येच थांबतो, पंजे हवेत तसेच, जणू कुणीतरी पाहिलं. आणि पुन्हा नाक. शेवटी शेवटी मला पडद्यावर टिचकी मारून 'अरे पुरे' म्हणावंसं वाटलं. २०९ सेकंद. माझा अंदाज, हा आजारी गटातला. संपादकासारखा निवांत स्वभाव सगळ्यांना कुठून मिळणार!

३० सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो, कारण विनोद करून लिहिलं तर मला पुढे तेच आठवेल.

ताईने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. कारकूनही होता, निकाल ऐकायला आल्यासारखा टेबलाला टेकून. ताईने एक कागद पुढे केला.

"नवे उंदीर आलेले नाहीत," ती म्हणाली. "जुनेच तीन व्हिडिओ मी आरशातल्यासारखे उलटे करून, नवे नंबर देऊन परत दाखवले. असं करतात. मोजणारा स्वतःशी तरी जुळतो का, ते बघायला. अडतीस म्हणजे सतराच. बारा तारखेचा व्हिडिओ."

कागदावर चार आकडे होते. बाई: सतरा, २११. अडतीस, २१३. माझे: सतरा, १४८. अडतीस, २०९.



"खुर्ची..." मी म्हणालो.

"सतराचा पुढचा व्हिडिओ बाईंच्या खुर्चीवरून मोजलास, तरी तेवढीच तूट होती," ताई म्हणाली. "बाळ्या, मधले एकसष्ट सेकंद कुठे गेले?"

मॅडमने सगळ्यांसमोर बाळ्या म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी सांगितलं. तो तोंड झाकतो तेव्हा मला वाटतं तो विचार करतोय. मला तो संपादकासारखा दिसतो. नाव ठेवलंय.

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "अडतीसच्या वेळी नाही वाटलं तसं?"

"अडतीसला मी ओळखत नव्हतो ना."

ताई हळूच म्हणाली, "हो. ओळखीच्याचं कमीच मोजलं जातं." आणि कागदाची नीट घडी घातली.

बाई बाहेर पडताना मी कारकुनाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "डोळे माझे गेलेत. बाईंचे शाबूत आहेत." तो म्हणाला, "तसं मी आधीपासूनच म्हणत होतो." त्याच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. हा माणूस पुढे जाणार.

बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. माझ्याकडूनही एकदा एका मंत्र्यांच्या भाषणात अख्खी ओळ सुटली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण मला अजून पाठ आहे."

१ ऑक्टोबर, मंगळवार

मला काढलेलं नाही. मी स्वतःच जातो म्हटलं तर ताई म्हणाली, "नाटक नको. कुठे चुकतोस ते कळलेला माणूस मला न कळलेल्यापेक्षा बरा." सगळे व्हिडिओ उलटसुलट करून, नंबर बदलून, सात तारखेच्या आत दोघांनी पहिल्यापासून मोजायचे. कोण कोण आहे ते आता मला कळणारच नाही.

दिवसभर मोजलं. पंजा लागला, दाबलं. सुटला, सोडलं. एकालाही नाव ठेवलं नाही. संध्याकाळी जाणवलं की आज मी जगाबद्दल एकही मत न बनवता आठ तास काढले. पाठ दुखते आहे, बाकी उत्तम वाटतंय.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं. सगळ्यात जास्त फरक सहा सेकंद.

बाईंची उशी आणि खुर्ची त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. माझी परत आणली. तिच्यावर बसून खाली जाताना बरं वाटलं. घरी आल्यासारखं.

७ ऑक्टोबर, सोमवार

समिती येऊन गेली. तीन माणसं, तिघांचे बूट कुरकुरणारे. त्यांच्यातल्या एकाने तक्ता बघून विचारलं, "मोजणाऱ्यांपैकी एक जण तुमच्या नात्यातले आहेत असं ऐकलं." ताईने चुकीचा आकडा, उलटे व्हिडिओ, दुसऱ्यांदा मोजणी, सगळं काढून दाखवलं. माझं नाव न घेता, पण लपवलंही नाही. तो माणूस गंभीरपणे म्हणाला, "हे लिहा अहवालात. फार उपयोगी आहे." म्हणजे विज्ञानाला माझा हातभार लागला तो चुकून. काम चालू राहणार, आणखी तीन वर्षं.

मग कुणाला काय दिलं होतं त्याची यादी उघडली. ज्या आजारी उंदरांना औषध मिळालं त्यांचं धुणं निम्म्याने उतरलं होतं. मी लगेच सतरा शोधला. आजारी गट. साधं पाणी. तीन आठवडे मी त्याला निवांत समजत होतो.

त्यालाही पुढच्या सोमवारपासून औषध. बाईंनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली आणि डब्यातला मोठा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

प्रुफं परत मिळाली. बाईंचं काम म्हणजे काम. माझ्या बावीस वर्षांत तेवीस पूर्णविराम वाढले. मजकुरात कुठेही हात घातलेला नाही. फक्त पहिल्या लेखात, 'बारा वेळा' या शब्दांतल्या 'बारा'भोवती पेन्सिलीचा गोल आणि समासात प्रश्नचिन्ह.

"इथे काय चुकलं?"

"चुकलं असं नाही. आकडा आला की आम्ही विचारतो. हा मोजला होता, की लिहिला होता?"

"लिहिला होता. विनोद आहे तो. अतिशयोक्ती."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. पण प्रश्नचिन्ह खोडलं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी स्वयंपाकघरात ताई चहा करत होती. मी विचारलं. सहजच विचारलं, निदान आवाज तसा ठेवला.

"ताई, तू तेव्हा दिवसातून किती वेळा हात धुवायचीस?"

"तेव्हा म्हणजे?"

"तो लेख आला त्या वर्षी."

तिला आठवावं लागलं नाही. "चाळीस. वाईट दिवशी पन्नासच्या वर. वहीत रेघा मारायचे ना मी."

मी खुर्चीवर बसलो. घरची खुर्ची, ती जागची हलली नाही.

"मी बारा लिहिलं होतं," मी म्हणालो. "मला वाटलं मी फुगवून लिहितोय."

"माहितीये." तिने गॅस बारीक केला. "वाचून मला आधी बरंच वाटलं होतं रे. म्हटलं, एका घरात राहून याला बाराच दिसले. म्हणजे अठ्ठावीस तरी लपवायला जमले."

मी मनात वजाबाकी करून पाहिली. बरोबर आली.

"लेख मजेदारच होता," ती म्हणाली. "त्या धरणाच्या वाक्याला तर मी हसले. दुसऱ्या दिवशी दुकानात एक साबण मागितला. तो दुकानदार म्हणाला, बारा देऊ का? तिथे नाही हसले. नंतर वर्षभर साबण आईच आणायची."

"बोलली नाहीस कधी."

"तू तरी कुठे विचारलंस?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनेच विषय बदलला. "हल्ली सात-आठ. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईइतके. मोज हवं तर."

"ती कॅप्सूल," मी म्हणालो. "व्हिटॅमिनची नाही ती."

"नाही."

"मग?"

"तुझ्या संपादकाला सोमवारपासून देणार आहोत तीच." आणि ती हसली. ताई हसते तेव्हा तिचे खांदे हलतात, आवाज येत नाही. एक्कावन्न वर्षं मी हे पाहतो आहे आणि कुठे लिहिलेलं नाही.

"म्हणजे आधी तुझ्यावर प्रयोग, मग उंदरावर?"

"उलट. आधी कुठले तरी उंदीर होते, म्हणून मग मी. चहा घे, निवतोय."

चहा घेतला. तिने कप विसळले, हात धुतले. एकदाच. मी मोजत नव्हतो, दिसलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत बाईंना विचारलं, "अख्खा लेख काढायचा असला तर कुठली खूण?"

त्यांनी 'का' विचारलं नाही. पेन्सिल पुढे केली. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक पानावर एक तिरकी रेघ. समासात असा शेपटीवाला गोळा. खाली लिहायचं, 'काढावे, पुढचा मजकूर वर घ्यावा.' आणि अनुक्रमणिका विसरायची नाही. माणसं तिथेच चुकतात."

सहा पानं. सहा रेघा. धरणाच्या वाक्यापाशी हात जरा अडला. चांगलं वाक्य होतं. रेघ त्याच्यावरूनही नेली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सतरा नंबरच्या पाण्यात आजपासून औषध. गुण यायला काही आठवडे लागतील, ताई म्हणते. घाई नाही. पिंजऱ्यापाशी जायची मला परवानगी नाही, तेव्हा दारातूनच पाहिलं. तोंड धूत होता. आता तो मला कुणासारखाही दिसत नाही, उंदरासारखा दिसतो.

दुपारी प्रकाशकांचा फोन आला. आवाजावरून नाकाला मिरच्या झोंबलेल्या कळत होत्या.

"अहो, पहिलाच लेख काढलात! त्याच्यावर तर पुस्तक खपणार! काय कारण?"

"जागा नाही हो," मी म्हणालो. फोनवर त्यांना दिसत नव्हतं, तरी मोकळ्या हाताने तोंड झाकून घेतलं होतं.

ते बरंच बोलले. शेवटी म्हणाले, मुखपृष्ठ छापून तयार आहे, त्यावरचं 'निवडक पंचवीस' काही आता बदलता येणार नाही. आत चोवीस, वर पंचवीस. पण काळजी करू नका, वाचकांपैकी कुणी मोजत बसत नाही.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. पुस्तकाची पहिली प्रत तिला देईन. ती मोजेल.